डीपीच्या पोटातली काच

रात्री दोन वाजता घाटावरच्या कुठल्याही खेड्यात पारापाशी उभं राहिलं की दोनच आवाज ऐकू येतात. एक कुत्र्यांचा, दुसरा डीपीचा. कागदोपत्री तिचं नाव रोहित्र; पण बुलडाणा जिल्ह्यात रोहित्र जळालं असं कुणी म्हणत नाही, डीपी जळाली म्हणतात. गावातले दिवे मालवलेले, गिरणी बंद, टीव्ही बंद. तरी ती आपली एका सुरात गुणगुणतेच आहे. मग एवढ्या रात्री तिचं चाललंय काय?

अकरा हजार व्होल्टची लाईन जोडलेली आहे तोवर डीपीच्या पोटातला लोखंडी कोअर चुंबक बनत राहतो. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची. म्हणजे या चुंबकाची दिशा सेकंदाला 100 वेळा उलटते. दर वेळी लोखंडाची लांबी अगदी सूक्ष्म प्रमाणात बदलते आणि ती थरथर आपल्याला गुणगुण म्हणून ऐकू येते. आवाजात वीज फारशी जात नाही. ती जाते उष्णतेत. लोखंडातले चुंबकी प्रदेश सहजासहजी उलटत नाहीत, त्यांना ढकलावं लागतं. शिवाय बदलत्या चुंबकत्वामुळे लोखंडातच भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि ते त्याला तापवतात.

हा तोटा किती? जुन्या मानकाप्रमाणे शंभरच्या, म्हणजे 100 केव्हीएच्या डीपीला बिनलोडचा 260 वॅट तोटा चालत असे. तीन-साडेतीन जुने पंखे रात्रंदिवस चालू ठेवावेत, एवढा. वर्षाच्या 8,760 तासांनी गुणलं की जवळपास 2,278 युनिट होतात. एका गावातल्या एका डीपीचे, तेही कुणी बटण न दाबता. जिल्ह्यात तेरा तालुके आहेत आणि अशी डीपी नाही असं गाव नाही.

जळालेली डीपी उघडताना मी एका दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये पाहिली आहे. झाकण निघालं की आधी नाकात शिरतो तो जळक्या ऑइलचा वास. मग साखळीने वर येतो कोअर आणि त्यावरच्या करपलेल्या कॉइल. कोअर म्हणजे लोखंडाचा ठोकळा नव्हे, तर एकावर एक रचलेल्या शेकडो पातळ पत्त्या. मिस्त्री एकेक पत्ती तळहातावर आडवी घेऊन बाजूला ठेवत होते. मी एक उचलली तर लगेच म्हणाले, “वाकवू नका भाऊ. वाकली की तिचा गुण गेला.”

त्या गुणामागे शंभरेक वर्षांची मेहनत आहे. सुरुवातीच्या डीपींत साधं लोखंड असायचं आणि ते वर्षागणिक जास्तच वीज खायचं. 1900 च्या सुमारास इंग्लंडच्या रॉबर्ट हॅडफिल्ड यांच्या पोलादात थोडं सिलिकॉन मिसळलं गेलं आणि तोटा एकदम उतरला. मग 1934 मध्ये अमेरिकेत नॉर्मन गॉस यांना एका पद्धतीचं पेटंट मिळालं. पोलाद थंड असताना लाटायचं, मग भाजायचं, पुन्हा लाटायचं. त्यामुळे आतले स्फटिक एका दिशेने झोपतात आणि त्या दिशेने चुंबकत्व सहज वाहतं. आज बाजारात जिला सीआरजीओ पत्ती म्हणतात ती हीच. जाडी मिलिमीटरच्या पाव हिश्श्याच्या आसपास. वाकवली, आपटली की स्फटिकांच्या त्या रांगा विस्कटतात. बेफिकीर दुरुस्तीतून आलेली डीपी चालते, पण पूर्वीपेक्षा जास्त खाते, ते यामुळे.

म्हणजे इतकी वर्षं सगळा खटाटोप स्फटिक नीट रांगेत बसवण्याचा होता. पण स्फटिकच नसतील तर? या प्रश्नाचं उत्तर समजायला लोणारला जावं लागतं.

लोणारचं विवर उल्केच्या आघाताने झालं, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्याचा पक्का पुरावा 1973 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विवराच्या काठावर खोदलेल्या चरांत शास्त्रज्ञांना वितळलेल्या खडकाचे गोळे आणि बारीक मणी सापडले. आघाताने काळा बेसॉल्ट वितळला, थेंब उडाले आणि हवेत असतानाच गोठले. लाव्हा सावकाश थंड झाला तर अणूंना जागा शोधायला वेळ मिळतो, स्फटिक तयार होतात. हे थेंब इतक्या झपाट्याने गोठले, की अणू जिथे होते तिथेच अडकले. अशा विस्कळीत, गोठलेल्या घनाला आपण काच म्हणतो.

धातूचीही अशी काच करता येते. 1960 मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेत पोल ड्युवे आणि सहकाऱ्यांनी सोनं-सिलिकॉनच्या मिश्रधातूची ती प्रथम केली. अडचण अशी, की धातूचे अणू भलतेच चपळ. त्यांना पकडायचं तर सेकंदाला दहा लाख अंशांच्या वेगाने थंड करावं लागतं. आज कारखान्यात लोखंड, बोरॉन आणि सिलिकॉन यांचा रस गरगर फिरणाऱ्या थंड तांब्याच्या चाकावर सोडतात. रस चाकाला टेकतो न टेकतो तोच गोठतो आणि फीत होऊन सुटतो. ही फीत साधारण 25 मायक्रॉन जाडीची, केसाहूनही पातळ. वजनाने नऊ दशांशांहून जास्त लोखंडच असतं तिच्यात. फक्त स्फटिक नसतात. मग चुंबकी प्रदेशांना अडवणाऱ्या स्फटिकांच्या सीमाही नसतात. फीत पातळ आणि विजेला जास्त रोध करणारी, म्हणून भोवरे प्रवाहही क्षीण. अशा ‘अमॉर्फस’ कोअरचा बिनलोडचा तोटा सीआरजीओच्या मानाने साधारण 70 टक्के कमी असतो. त्या जुन्या 260 वॅटच्या डीपीशी तुलना केली, तर वर्षाला सुमारे 1,600 युनिट वाचतात. आजच्या चांगल्या पत्तीच्या डीपीशी केली तर फरक कमी भरतो, पण उरतो.

मग सरसकट सगळीकडे हाच कोअर का नको? इथे मला गावठाण आणि वावर वेगळं करावंसं वाटतं.

गावठाण फीडरवरची डीपी चोवीस तास जिवंत असते आणि रात्री तिच्यावर भार जवळपास नसतो. तिचा खरा शत्रू कोअरमधला तोटा. शेतीच्या फीडरला मात्र वीज साधारण आठच तास. तेवढ्या वेळात हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. ऑटो स्विच बसवलेले असले तर वीज येताक्षणी एकाच झटक्यात. तिथे तोटा होतो कॉइलमध्ये, आणि तो प्रवाहाच्या वर्गाने वाढतो. भार सव्वापट झाला की कॉइलमधली उष्णता दीडपटीहून जास्त होते. कागदाचं इन्सुलेशन करपतं आणि ऐन रब्बीत डीपी जळते. दुसरी येईपर्यंत डोळ्यांदेखत पीक सुकणं म्हणजे काय, हे घाटाखालच्या आणि घाटावरच्या शेतकऱ्याला सांगायला नको. अशा डीपीत महागडा काचेचा कोअर घालून काही साधत नाही. तिला हवी आहे जाड तारेची कॉइल, पुरेशी क्षमता आणि प्रत्येक मोटारीला कपॅसिटर.

म्हणूनच खरेदीचा निकष मला फार महत्त्वाचा वाटतो. आयएस 1180 हे 2014 सालचं मानक डीपीचा एकूण तोटा दोनदा तपासतं: निम्म्या भारावर आणि पूर्ण भारावर. शंभरच्या डीपीचा पूर्ण भारावरचा तोटा पूर्वी 2,020 वॅट चालायचा. या मानकाच्या पहिल्या पातळीला तो 1,800 आणि तिसऱ्या पातळीला 1,500 वॅटवर आला. ही मोठीच सुधारणा. पण रात्री दोन वाजताची गावठाणाची डीपी निम्म्या भारावरही नसते. तिच्यासाठी निविदेत बिनलोडच्या तोट्याचा आकडा वेगळा मागायला हवा. आज दिलेली किंमत आणि पुढच्या पंचवीस वर्षांत गळणारी वीज, दोन्ही एकत्र मोजूनच तिची निवड व्हायला हवी. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 2023 मध्ये जवळपास सगळ्याच नव्या डीपींना काचेचा कोअर लागेल असा प्रस्ताव मांडला होता. पोलाद उद्योग आणि पुरवठ्याची टंचाई पाहून 2024 च्या अंतिम नियमात तो बराच सैल केला. फीत बनवणारे मोठे कारखाने जगात मोजकेच आहेत, ही अडचण आपल्यालाही आहे. शिवाय ही फीत सीआरजीओएवढं चुंबकत्व पेलत नाही, त्यामुळे कोअर मोठा होतो, टाकी मोठी होते, ऑइल जास्त लागतं.

एका इंजिनिअर मित्राने दिलेला भाजलेल्या फितीचा तुकडा मी त्या मिस्त्रींना दाखवायला नेला होता. चांदीच्या वर्खासारखा चकचकीत. त्यांनी सवयीने तो चिमटीत धरून हलकेच वाकवला, आणि तो कटकन तुटला. बारीक कपचे टेबलावर पसरले. मिस्त्रींनी खिशातून चुंबक काढला, कपचे एकेक करून गोळा केले आणि उजेडात धरून बराच वेळ पाहिले.

“हे ऑइलात पडले तर कॉइलपर्यंत जातील,” ते म्हणाले. “अन् अशी डीपी जळून आली, तर हा कोअर उघडायचा कसा, ते आम्हाला कोण दाखवणार?”

काचेच्या कोअरचा सांधा उघडून कॉइल बाहेर काढता येते, मग फितींचे गठ्ठे पुन्हा एकेक करून गुंफता येतात, एवढं मला वाचून माहीत होतं. हात मात्र त्यांचे होते. मी कागदावर त्या सांध्याचं चित्र काढलं. त्यांनी ते घडी घालून रजिस्टरमध्ये ठेवलं आणि पुढच्या डीपीचं झाकण उघडायला घेतलं.