देवगिरीचें कोठार व भोंवतालचें शिवार

प्रेक्षणीय स्थळांचीं वर्णनें पुष्कळ छापून येतात. परंतु त्यांत बुरूज, दरवाजे व लढाया यांचेंच माहात्म्य असतें. ज्या शिवारावर तें वैभव उभें राहिलें, त्यांत काय पिकत होतें, सारा किती होता, पाणी कोठून येत होतें, याची विचारपूस क्वचितच होते. आमचा सगळा जन्म महसुली कचेरीच्या दप्तरांत गेल्यामुळें आम्हांस हेच प्रश्न प्रथम सुचतात. गेल्या कार्तिकांत चार शेतकरी बांधवांसह आम्ही दौलताबाद, म्हणजे जुनी देवगिरी, पाहण्यास गेलों होतों. तेथें जें पाहिलें व त्यावरून जें मनांत आलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

छत्रपति संभाजीनगराहून (२०२३ पर्यंत ह्या शहराचें नांव औरंगाबाद होतें) वेरूळच्या रस्त्यानें सुमारें १५ किलोमीटर गेलें कीं, रानांतून एकटाच वर उठलेला शंकूसारखा डोंगर दिसूं लागतो. त्याची उंची सुमारें ६०० फूट आहे. खालच्या अंगानें त्याचा कडा चहूंकडून भिंतीसारखा तासलेला असून त्याभोंवतीं कातळांतच खंदक खोदलेला आहे. वर जाण्यास वाट एकच. ती खंदकावरील अरुंद पुलावरून व पुढें ‘अंधारी’ नांवाच्या भुयारांतून जाते. खालीं बहामनी सुलतान अल्लाउद्दीन यानें १५ व्या शतकांत बांधलेला चांदमिनार सुमारें २०० फूट उंच उभा आहे. जवळच प्रचंड हत्ती हौद आहे. डोंगराच्या खोऱ्यांतलें पाणी खापरी नळांनीं शहरांत आणीत असत, त्या नळांचे अवशेष आजही दृष्टीस पडतात. संत एकनाथांचे गुरु जनार्दनस्वामी हे येथीलच किल्लेदार, त्यामुळें भाविकांसही हें स्थळ पूज्य आहे.

यादव राजा भिल्लम (पांचवा) यानें १२ व्या शतकाच्या अखेरीस येथें राजधानी वसविली. पुढें शंभर वर्षें हें नगर भरभराटींत होतें. १२९६ सालीं अल्लाउद्दीन खिलजी अकस्मात् चालून आला, तेव्हां राजा रामचंद्रदेव याचें मुख्य सैन्य राजपुत्राबरोबर बाहेर गेलेलें होतें. राजानें घाईघाईनें किल्ल्याचा आश्रय केला. कोंकणांतून आलेल्या व्यापाऱ्यांच्या गोण्या खालीं पडलेल्या होत्या. त्या धान्याच्या समजून शिपायांनीं वर वाहून नेल्या. वेढा पडल्यावर तोंडें सोडून पाहतात तों आंत मीठ! फरिश्ता या इतिहासकारानें ही हकीकत लिहून ठेविली आहे. अखेर राजास अपार द्रव्य द्यावें लागलें व एलिचपूर प्रांताचें उत्पन्नही तोडून द्यावें लागलें. ज्या कड्यावर मुंगीसही चढतां येऊं नये, तो कडा उभा असतांही राज्य वांकलें तें कोठारांत दाणा नव्हता म्हणून.

१३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानें दिल्लीची राजधानी येथें हालविली व दौलताबाद हें नांव रूढ केलें, हें सर्वश्रुत आहे. त्याच्याच कारकीर्दींत, १३४२ च्या सुमारास, इब्न बतूता हा प्रवासी येथें आला. येथें द्राक्षें व डाळिंबें वर्षांतून दोनदा येतात असें तो लिहितो. म्हणजे बागाइताची कीर्ति तेव्हांही होती. परंतु त्यानेंच दिलेली दुसरी एक हकीकत वाचून आमच्यासारख्या महसुली माणसाच्या अंगावर कांटा उभा राहतो. या प्रांताचा सारा एका इसमानें १७ कोटींच्या मक्त्यानें घेतला होता. तेवढी रक्कम मुलखांतून निघेना. बाकी थकली, तेव्हां त्याची मालमत्ता जप्त करून त्याचें कातडें सोलण्यांत आलें! मक्तेदाराची ही गत, तर त्यानें आपली मान सोडविण्यासाठीं कुळांची काय गत केली असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

पुढें १६३० च्या सुमारास पाऊस गेला व दख्खन आणि गुजराथ या दोन्ही प्रांतांत घोर दुष्काळ पडला. बादशाही सरकारास खालसा मुलखांतील सुमारें ७० लाख रुपयांची सूट द्यावी लागली, असें बादशाहनाम्यांत नमूद आहे. अशा ओस पडलेल्या मुलखांत १६३३ सालीं महाबतखानानें दौलताबादेस वेढा घातला. आंतली शिबंदी उपासमारीनें व रोगराईनें टेंकीस आली आणि मलिक अंबराचा पुत्र फत्तेखान यानें किल्ला स्वाधीन केला. सवातीनशें वर्षांनंतरही गोष्ट तीच घडली.

मात्र याच भूमीनें दोन शहाणे महसुली कारभारीही पाहिले. पहिला मलिक अंबर. त्यानें साऱ्याचा मक्ता बंद केला, मोडकळीस आलेली गांवगाड्याची व्यवस्था पुनः उभी केली आणि प्रत्यक्ष पिकाचा माफक हिस्सा घेऊन कांहीं वर्षांच्या अनुभवावरून त्याची नगदी आकारणी ठरविली. १६१० सालीं त्यानें वसविलेल्या खडकी शहरास (तेंच पुढें औरंगाबाद झालें) त्यानें जमिनीखालील नहरीनें डोंगराचें पाणी आणलें. दुसरा मुर्शिद कुलीखान. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असतां, १६५३ नंतरच्या वर्षांत, यानें दुष्काळानें खंक झालेल्या रयतेस बैल व बीं यांसाठीं तगाई दिली. पावसावरच्या धान्याचा निम्मा हिस्सा व विहिरीवर पिकलेल्या धान्याचा तिसराच हिस्सा सरकारनें घ्यावा, असा त्यानें भेद केला. निम्मा हिस्सा आज जबर वाटेल. परंतु विहीर खोदणाऱ्याच्या व मोट हांकणाऱ्याच्या घामास सरकार-दरबारीं किंमत मिळाली, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

किल्ला उतरून आम्ही खुलताबादेच्या बाजूस निघालों. वाटेंत कागजीपुरा लागतो. चिंध्यांपासून हातकागद करण्याचा येथील धंदा तुघलकाच्या वेळेपासूनचा, असें सांगतात. ज्यांचें आयुष्य कागदावर गेलें त्यांनीं येथें हात जोडूनच पुढें जावें! रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या होत्या. हें फळ मूळचें अमेरिका खंडांतील. यादवांच्या ताटांत तें नव्हतें. परंतु या हलक्या, मुरमाड उतारांवर तें असें रुजलें आहे कीं, आतां तें येथील डोंगराचेंच वाटतें.

एका मळ्यांत आम्ही पाणी पिण्यास थांबलों. मालक सत्तरीचे गृहस्थ, जमीन नऊ एकर. खळ्यावर मक्याच्या कणसांचा ढीग, पडवींत आढ्यापर्यंत कापूस. आम्हीं पीक बरें आलें म्हणतांच ते म्हणाले, “पीक आलं, भाऊसाहेब, पण विहीर महाशिवरात्रीला तळ दाखवते. बोअर तीन घेतले. दोहोंत नुसती धूळ निघाली. बाजरी-ज्वारी आम्ही सोडली. दाणा दुकानांतून येतो आणि कडबा विकत. औंदा ही बैलजोडी उन्हाळा काढती का नाही, सांगवत नाही.” असें म्हणून त्यांनीं दावणीकडे पाहिलें. जोडी उमदी होती. आम्हांपैकीं कोणासच कांहीं उत्तर सुचलें नाहीं.

त्या पडवीकडे पाहतांना आम्हांस मिठाच्या गोण्यांची आठवण झाली. घर गोण्यांनीं भरलेलें, पण वेढा पडला तर त्यांतलें घरच्यांनीं खावें किती व जनावरांस घालावें काय? कापसास भाव असेल तोंवर ठीक. भाव पडला व पाऊसही गेला, म्हणजे दुकानाचा दाणा व विकतचा कडबा दोन्ही महागतात, आणि पहिली विकली जाते ती बैलजोडी. मराठवाड्यानें हा अनुभव २०१२–१३ व २०१५–१६ या वर्षीं घेतला आहे. नगदी पीक घेऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. पैशावांचून शेतकऱ्याचें चालत नाहीं. परंतु नऊ एकरांपैकीं दोन एकर तरी ज्वारी-बाजरीस ठेवले, तर घरचा दाणा व दावणीचा कडबा यांची पुष्कळशी बेगमी होते.

पाण्याचेंही तसेंच. एका एकरावर एक इंच पाऊस पडला तर सुमारें एक लाख लिटर पाणी होतें. या भागांत वर्षास सुमारें २८ इंच पाऊस पडतो, म्हणजे जमा लहान नाहीं. पण काळ्या कातळाच्या पोटांत सांठवण थोडी. मुरमांत व भेगांत मुरेल तेवढेंच विहिरीस मिळतें. बोअर खोल नेल्यानें जमा वाढत नाहीं; सांठ्यांतून उचल मात्र वाढते. जमा न पाहतां खर्च टाकणारा कारकून कोणत्याही कचेरींत टिकत नाहीं.

म्हणून आपल्या मंडळाच्या सभासदांस आमची एक सूचना आहे. प्रत्येक गांवानें एक पाण्याची वही घालावी. दिवाळीच्या पाडव्यास प्रत्येक विहिरींत दोरी सोडून पाणी किती हात आहे तें मोजावें, व संक्रांतीस आणि गुढीपाडव्यास पुनः मोजावें. पहिल्या मोजणीवरून, रबींत गहूं करावयाचा कीं थोड्या ओलीवर येणारी ज्वारी-हरभरा करावयाचा, हें सर्वांनीं बसून ठरवावें. खर्च एका दोरीचा व एका वहीचा. तीन वर्षांच्या नोंदी जमल्या म्हणजे गांवास आपल्या पाण्याचा सात-बारा हातीं येईल. ज्या गांवांस वही आंखून पाहिजे असेल, त्यांनीं मंडळाच्या कचेरींत कळवावें. नमुना तयार करून देण्याचें काम आम्ही आनंदानें पत्करतों.