मोबाईलवरच्या खेळांचा अतिरेक

गेल्या पावसाळ्यात सिडकोतील एक जोडपे आपल्या 13 वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. तक्रार डोकेदुखीची. मुलाचे डोळे लाल, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी मनगटाजवळ दुखरी सूज, आणि वजन सहा महिन्यांत 4 किलोने वाढलेले. "रात्री किती वाजता झोपतोस?" असे विचारले तर मुलगा गप्प. आई म्हणाली, "डॉक्टर, पहाटे 3 ला उठले तरी पांघरुणाखाली उजेड दिसतो." वडील वाळूजला कारखान्यात पाळीवर जातात. आदल्या रात्री त्यांनी मोबाईल हिसकावून घेतला, तेव्हा मुलाने त्यांच्या हाताला चावा घेतला होता. डोकेदुखी हे केवळ निमित्त होते.

2020 च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर आली. पुढे शाळा वर्गात परत गेली, मोबाईल मात्र पुष्कळ घरांत मुलांच्याच हातात राहिला. पण खेळणारे प्रत्येक मूल आजारी असते असे नाही, हे आधीच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली 'गेमिंग डिसऑर्डर'ला आपल्या रोगांच्या यादीत स्थान दिले आणि ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. त्यासाठी तीन खुणा पाहतात. खेळण्यावर ताबा राहत नाही, अभ्यास, जेवण, मित्र या सर्वांआधी खेळ येतो, आणि नुकसान दिसत असूनही खेळणे थांबत नाही. हे साधारण 12 महिने चाललेले असावे लागते; लक्षणे तीव्र असतील तर त्याआधीही निदान करता येते. सुट्टीत दोन दिवस खेळात बुडालेल्या मुलाला हे नाव चिकटवू नये.

मूल इतके अडकते कसे? 1998 साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील संशोधकांनी रणगाड्याचा व्हिडिओ गेम खेळणाऱ्या माणसांच्या मेंदूची तपासणी केली. खेळताना त्यांच्या मेंदूत डोपामाइन हे रसायन स्रवत असल्याचे दिसले. 'मिळाले, आणखी हवे' ही ओढ लावण्यात याच रसायनाचा हात असतो. त्यात बक्षीस कधी मिळते, कधी हुकते. मटक्याच्या नादी लागलेला माणूस ज्या आशेने उद्याच्या आकड्याकडे पाहतो, तीच ही आशा. आमच्या तरुणपणीही व्हिडिओ गेमची पार्लर होती, पण तिथे खिशातली नाणी संपली की खेळ संपे, आणि रात्री दुकानदार शटर ओढून घेई. मोबाईलला शटर नाही.

सर्वांत आधी झोप जाते. पडद्याचा उजेड आणि लढाईची उत्तेजना, दोन्ही झोप लांबवतात. अपुऱ्या झोपेचे मूल दिवसा चिडते, वर्गात पेंगते, आणि पालकांना वाटते की ते उर्मट झाले. पडद्याकडे टक लावल्याने पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. मैदानावरचा सूर्यप्रकाश हरवल्याने लांबचे कमी दिसण्याचा दोषही वाढतो. भान हरपणे जिवावरही बेतते. मार्च 2019 मध्ये आपल्याच मराठवाड्यात, हिंगोलीत, रुळांजवळ पबजी खेळत असलेले दोन तरुण रेल्वेखाली गेले.

2 सप्टेंबर 2020 रोजी सरकारने पबजीवर बंदी घातली, पण ती देशाच्या सुरक्षेच्या कारणाने होती, मुलांच्या आरोग्यासाठी नव्हे. मुले दुसऱ्या खेळाकडे वळली. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध संसदेने कायदा केला. मात्र वडिलांच्या खात्यातून खेळातली बंदूक किंवा पोशाख विकत घेणारा मुलगा घरातच पकडावा लागतो.

पालकांना माझे सांगणे असे की मोबाईल फोडू नका. एकदम तोडले की काही दिवस मूल बेचैन होते, झोपत नाही, अंगावर येते. वेळ पायरीपायरीने कमी करा. मरणाची भाषा करू लागले तर 'नाटक करतो' म्हणून सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घाटीत मानसोपचार विभाग आहे, आणि 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. लहानग्यांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 साली मर्यादा सांगितली आहे: 2 वर्षांखाली पडदा नाही, 2 ते 5 वयात फार तर 1 तास, 5 ते 10 वयात 2 तासांपेक्षा कमी. घास भरवताना मोबाईल पुढे धरणाऱ्या आजी-आजोबांनीही हे वाचावे.

मग त्या मुलाला मी एकट्याला बसवून विचारले, या खेळात असे काय आहे? तो म्हणाला, "शाळेत मला कुणी टीममध्ये घेत नाही. इथे मी कॅप्टन असतो." आईवडिलांना हे ठाऊकच नव्हते. वडील शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला भेटले. घरात ठरले की संध्याकाळी 1 तास, बैठकीच्या खोलीत, सर्वांसमोर खेळायचे आणि रात्री 10 ला घरातले सगळे मोबाईल फ्रिजवर ठेवायचे.

दीड महिन्याने तिघे पुन्हा आले. डोकेदुखी थांबली होती, अंगठ्याची सूज उतरली होती. मुलाने आठवडाभरातच मोबाईल वेळेवर ठेवायला सुरुवात केली होती. वडिलांचा मोबाईल फ्रिजवर जायला मात्र आणखी पंधरा दिवस लागले, असे आईने निघताना मला हळूच सांगितले.