नावेचं भाडं कोण ठरवतं, नावाड्याला परवाना कोण देतं? इंग्रजांच्या कायद्यापासून आजच्या होडीपर्यंत

लोणी (ता. आंबेगाव) : लोणी-धामणीच्या पट्ट्यात नावेत बसायची वेळ सहसा येत नाही, आपल्याकडे येतो तो टँकर. पण वारीला गेलं की चंद्रभागेत आपण होडीत बसतोच. डिंभ्याच्या फुगवट्याकडे पाहुणे असतील तर तिकडची लाँचही माहीत असते. बसताना आपण एकच गोष्ट विचारतो, "कितीला?" चालवणाऱ्याकडे परवाना आहे का, होडीत माणसं किती घ्यायची, हे कुणी विचारत नाही.

हे प्रश्न आपल्याकडे कायद्यात आले ते इंग्रजांच्या काळात. त्याआधी नदीकाठच्या अनेक गावांत नाव चालवायचं काम कोळ्याकडे होतं. गावकऱ्यांकडून पैसे नाहीत, सुगीला धान्य. परका वाटसरू असेल तर तो काहीतरी हातावर ठेवायचा. नाव नसेल तिथे वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधून माणसं पार व्हायची.

मुंबई इलाख्यात १८६८ साली नावांचा कायदा झाला. त्या वर्षीचा दुसरा कायदा. कुठला उतार सरकारी, तिथं उताराचे दर काय, हे आता गावच्या रिवाजावर न राहता सरकार ठरवू लागलं. विदर्भ तेव्हा आपल्या इलाख्यात नव्हता. नागपूर, भंडारा, चांदा हे मध्य प्रांतात होते, तिथं १८७८ चा उत्तर हिंदुस्थानचा फेरी कायदा लागू झाला. त्यातली कलमं वाचण्यासारखी आहेत. सरकारी घाटावरच्या वसुलीचा जाहीर लिलाव करायचा, मुदत जास्तीत जास्त ५ वर्षं. त्या घाटापासून २ मैलांच्या आत परवानगीशिवाय दुसऱ्या कुणी नाव चालवायची नाही. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या नाव वल्हवणारा माणूस एका लिलावात बेकायदा ठरू शकत होता.

एक गोष्ट मात्र त्यात प्रवाशाच्या फायद्याची होती. मक्तेदारानं दराचा तक्ता घाटावर ठळक दिसेल असा लावायचा, आणि तोही लोकांच्या भाषेत. तक्ता नसेल तर ५० रुपयांपर्यंत दंड, जादा पैसे घेतले तर १०० रुपयांपर्यंत. त्या काळचे १०० रुपये बरं का! आज कितीतरी धक्क्यांवर असा फलक शोधूनही सापडत नाही.

आता मुद्दा परवान्याचा. लिलावात बघितली जायची ती बोली. नाव चालवणाऱ्याला पाणी कळतं का, वारा कळतो का, याची परीक्षा लिलावात होत नाही.

अशी परीक्षा होती, पण ती मोठ्या जहाजांसाठी. बंदरात किंवा नदीच्या मुखात जहाज आत आणायला तिथल्या पाण्याचा माहीतगार लागतो, त्याला पायलट म्हणतात (विमानाचा नव्हे). कोलकात्याला हुगळी नदीत वाळूचे पट्टे सारखे जागा बदलतात, म्हणून तिथल्या पायलटांची वेगळी सरकारी नोकरीच होती. त्यांनी कामात कसूर केली तर चौकशी कशी करायची, यासाठी १८५९ साली स्वतंत्र कायदा केला गेला. पुढे १९०८ च्या बंदर कायद्यानं ठरवलं की पायलटसक्तीच्या बंदरात २०० टन आणि त्यावरचं जहाज पायलटशिवाय आत-बाहेर करायचं नाही. पायलटची फीसुद्धा सरकारच्या मंजुरीनं ठरायची. जहाजात व्यापाऱ्यांचा माल होता, तो बुडाला तर मोठ्या लोकांचं नुकसान, त्यामुळे तिथं माणूस पारखून घेतला जाई. घाटावरच्या नावेत बाजाराला निघालेली माणसं आणि शेरडं-करडं असायची.

१९१७ साली नदीतल्या आगबोटींचा कायदा आला. त्यात बोटीची तपासणी आणि सारंग, इंजिनवाला यांना लायकीचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. वल्ह्याची होडी मात्र त्यातून सुटली.

याची किंमत काय असते ते २१ मे २०२४ च्या संध्याकाळी दिसलं. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला निघालेली बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, त्यात लहान मुलंही होती. आपल्या घोडचं पाणी पुढे भीमेला मिळून याच उजनीत जातं. रस्त्यानं फेरा फार लांबचा, म्हणून तिथली माणसं बोटीनं जातात. हौस म्हणून कुणी जात नाही. डिंभ्याच्या काठच्या वाड्यावस्त्यांची गतही वेगळी नाही. धरण झालं, जुनं आंबेगाव पाण्याखाली गेलं आणि जिथं पायवाट होती तिथं पाणी आलं.

आज कायदा काय म्हणतो? १९१७ च्या कायद्याची जागा २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानं घेतली आहे. इंजिनाच्या बोटीला नोंदणी, तपासणी, विमा आणि चालवणाऱ्याला लायकीचं प्रमाणपत्र लागतं. नोंदणीचा क्रमांक बोटीवर दिसायला हवा. बिनइंजिनाच्या होड्यांच्या नोंदीचं काम राज्य सरकार स्थानिक पातळीवर सोपवू शकतं, अगदी गावपातळीपर्यंत. ही तरतूद नवी आहे आणि कामाची आहे.

भाडं घेऊन धोकादायक किंवा क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या होडीतून माणसं नेणं हा गुन्हा तर १८६० च्या दंड संहितेपासून आहे, तेव्हा कलम २८२ होतं. भारतीय न्याय संहितेत ते कलम २८४ झालं. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात होडी बुडायलाच पाहिजे असं नाही. जीव धोक्यात येईल इतकी माणसं भरली, तरी कलम लागू होतं.

काठावरच्या गावांनी ग्रामसभेत लेखी विचारायचं ते एवढंच: आपल्या धक्क्यावरून किती होड्या चालतात, त्यातल्या कितींची नोंद आहे, प्रत्येकीत किती माणसं बसू शकतात आणि तेवढी जाकिटं आहेत का. दर आणि माणसांची संख्या धक्क्यावर मराठीत लावायला सांगा. आणि वारा सुटला की फेरी बंद करायचा निर्णय कुणाचा, नावाड्याचा की मालकाचा, हेही त्याच ठरावात लिहून घ्या.