कोंबडीचं खाद्य आणि दवाखान्यातलं शेवटचं औषध

‘अँटिबायोटिक फार घेतली की शरीराला त्यांची सवय होते’, हे घरोघरी ऐकू येतं. सवय शरीराला होत नाही. औषधाला दाद देईनासे होतात ते जिवाणू, आणि हे बळ त्यांना ठरावीक जनुकांमधून मिळतं. त्यामुळे ज्याने वर्षानुवर्षं एकही गोळी घेतलेली नाही, त्यालाही औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूची लागण होऊ शकते.

ही जनुकं माणसाने जन्माला घातली, असंही अनेकांना वाटतं. कॅनडातल्या युकॉन भागात तीस हजार वर्षं गोठून राहिलेल्या मातीत ती सापडली, हे 2011 साली प्रसिद्ध झालं. मातीतल्या बुरशा आणि जिवाणू एकमेकांविरुद्ध अशी रसायनं फार पूर्वीपासून बनवत आले आहेत. त्यावरचा तोडगाही तितकाच जुना. आपण केलं ते वेगळंच. वजन लवकर वाढावं म्हणून कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात रोज थोडं थोडं औषध मिसळलं. ज्या जिवाणूकडे जनुक होतं तेवढाच तगला आणि त्याचीच वीण वाढली.

‘मांस नीट शिजवलं की झालं, आणि आम्ही तर शाकाहारी’ हा समज सर्वांत चिवट आहे. शिजवल्याने जिवाणू मरतात, हे खरंच. पण ताटात येणं ही त्यांची एकच वाट. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या एका फार्मवर संशोधक स्टुअर्ट लेव्ही यांनी कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन मिसळून पाहिलं. आठवडाभरातच कोंबड्यांच्या आतड्यांतले जवळपास सगळे जिवाणू त्या औषधाला दाद देईनासे झाले. पुढच्या काही महिन्यांत फार्मवर राहणाऱ्या माणसांच्या विष्ठेतही असे जिवाणू वाढले. औषध खात होत्या त्या कोंबड्या! हे निष्कर्ष 1976 साली छापून आले. हात, धूळ, सांडपाणी, शेतात टाकलेलं कोंबडीखत, त्या मातीतली कच्ची खाल्ली जाणारी भाजी: इतक्या वाटा उघड्या असताना शाकाहार कितीसा आडोसा देणार?

त्यातून जनुक एकाच जिवाणूच्या वंशात अडकून राहत नाही. प्लाझमिड नावाच्या डीएनएच्या छोट्या वर्तुळावर बसून ते शेजारच्या, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूतही शिरतं. चीनमध्ये डुकरांतल्या ई. कोलाय या जिवाणूमध्ये एमसीआर-1 हे जनुक अशाच प्लाझमिडवर आढळलं. ते कोलिस्टिन निकामी करतं. मूत्रपिंडाला अपाय होतो म्हणून डॉक्टरांनी एकेकाळी हे औषध बाजूला ठेवलं होतं. इतर सगळी हरली तेव्हा अतिदक्षता विभागात ते नाइलाजाने परत आणावं लागलं. तोवर जनावरांच्या खाद्यात मात्र ते टनांनी जात होतं. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये हा शोध जाहीर झाला, आणि काही महिन्यांतच अनेक देशांतून तेच जनुक सापडल्याच्या नोंदी आल्या.

‘आता पसरलंच आहे, थांबवून काय उपयोग?’ हा प्रश्न हताशेतून येतो, पण त्याचं उत्तर चीननेच दिलं. 2017 मध्ये वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन घालणं तिथे बंद झालं. पुढच्या एक-दोन वर्षांत डुकरांमधलं आणि माणसांमधलंही एमसीआर-1 चं प्रमाण स्पष्टपणे घसरलं. ते नाहीसं झालं नाही, पण इतक्या लवकर इतका फरक पडेल अशी आशा फार थोड्यांना असेल. भारतानेही 2019 च्या जुलैमध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली.

बंदी म्हणजे आजारी जनावराला औषधच नाही, असा अर्थ कुणी काढू नये. पशुवैद्याने तपासून, योग्य मात्रेत, ठरलेले दिवस दिलेलं अँटिबायोटिक वेगळं आणि निरोगी कळपाला रोज चारलेलं वेगळं. लसीकरण, कोरडं अंथरूण, शेडमध्ये गर्दी न करणं यांनी औषधाची गरजच कमी होते. आणि हे फक्त कोंबड्यांपुरतं नाही. आपल्याकडे डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन असलेल्या फवारण्या होत आल्या आहेत. स्ट्रेप्टोमायसिन क्षयरोगाच्या उपचारातलं औषध आहे. फवाऱ्यातून ते पानाबरोबर बागेतल्या मातीवरही पडतं.