पात्र एकच, खेळाडू दोन : गेममधला संवाद-मेनू लिहिताना

वडाळ्याला हार्बर लाईन फुटते, हे माहीतच असेल. सीएसएमटीहून आलेली एक गाडी कुर्ल्यामार्गे पनवेलकडे जाते, दुसरी किंग्ज सर्कल, माहीमवरून गोरेगावकडे. ऑनलाइन गेममधल्या पात्राचा संवाद-मेनूही असाच. प्रत्येक वाक्य म्हणजे स्टेशन, प्रत्येक पर्याय म्हणजे पुढचा रूळ. म्हणून कोडच्या आधी कागदावर नकाशा काढा. ज्या स्टेशनातून बाहेर पडायला रूळच ठेवला नाही, ते तिथेच दिसतं.

मी हे लुआंटीवर करते (२०२४ पर्यंत त्याचं नाव माइनटेस्ट होतं). मुक्त सॉफ्टवेअर आहे, स्क्रिप्ट लुआ भाषेत. खेळाडूने पात्रावर राइट-क्लिक केलं की सर्व्हर त्याला फॉर्म पाठवतो: पात्राचं वाक्य आणि खाली दोन-तीन बटणं. बटण दाबलं की तुमच्या फंक्शनला कळतं, खेळाडू कोण, फॉर्म कोणता, बटण कोणतं. इतकंच. संवाद कुठवर आला होता हे लक्षात ठेवणं तुमचं काम.

इथेच मी आपटले. 'सध्याची पायरी' मी पात्राच्याच व्हेरिएबलमध्ये ठेवली होती. एकटीने चाचणी घेतली, सगळं सुरळीत. पायलटच्या दिवशी दोघेजण एकाच वेळी त्याच पात्रासमोर उभे राहिले. एकाने उत्तर दिलं आणि दुसऱ्याचा संवाद पुढे सरकला. एरर वगैरे काही नाही. लॉग छान भरत होता, फक्त खोटा. त्या दिवशीचा सगळा डेटा टाकून दिला. (गाईडना सांगताना घसा कोरडा पडला ते वेगळंच.)

उपाय साधा आहे. पायरी खेळाडूच्या नावाने टेबलमध्ये ठेवायची, आणि तो सर्व्हर सोडून गेला की नोंद पुसायची. नाहीतर परत आल्यावर तो अर्ध्या संवादात उगवतो. लॉगिनचं नाव म्हणून सहभागीचा कोड द्या, खरं नाव नको.

क्लायंटवर विश्वास ठेवू नका. बदललेला क्लायंट न दाखवलेलं बटणही 'दाबलं' म्हणून कळवू शकतो. आलेला पर्याय त्या पायरीवर खरंच होता का, हे सर्व्हरनेच तपासायचं. एस्केप दाबून कुणी फॉर्म बंद केला, तर 'क्विट' येतं. तेही लॉग करा. कुठल्या वाक्यावर माणूस कंटाळला, हे माझ्या कामात बाकी उत्तरांपेक्षा जास्त बोलकं निघालं.

आणि पायलटआधी एकाच लॅपटॉपवर क्लायंटच्या दोन खिडक्या उघडा, दोन नावांनी लॉगिन करा, एकाच पात्रासमोर उभे राहा आणि आळीपाळीने क्लिक करत सुटा.