बर्फाच्या देशातून धानाच्या मुलखात

१ मे १९९९ रोजी जुन्या भंडारा जिल्ह्याची वाटणी झाली आणि गोंदिया हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. तालुके वाटले गेले, कचेऱ्या हलल्या, दप्तरे इकडची तिकडे गेली. अर्जुनी मोरगाव तालुका गोंदियाच्या वाट्याला आला आणि त्याबरोबर गोठणगावाजवळची, प्रतापगडाच्या परिसरातील तिबेटी निर्वासितांची वसाहतही गेली. या वसाहतीचे नाव नोरग्येलिंग. समृद्धी वाढविणारे स्थान, असा त्याचा अर्थ. महाराष्ट्राच्या बाजूने ही वसाहत पाव शतकापूर्वीच भंडाऱ्याबाहेर पडली. पण तिबेटींच्या बोलण्यात आणि त्यांच्या कागदोपत्री ती अद्याप 'भंडारा' याच नावाने ओळखली जाते. ज्यांचा देशच हातचा गेला, त्यांना जिल्हा बदलल्याची नोंद करण्याची निकड वाटली नसेल, तर त्यात नवल नाही.

थंड देश सोडून उष्णकटिबंधात जाऊन राहण्याची सध्या जगात मोठी हौस आहे. पन्नाशी ओलांडलेल्या परदेशीयांना थायलंड निवृत्तीचा वेगळा व्हिसा देतो. मलेशियाने २००२ मध्ये परकीयांनी तेथे दुसरे घर करावे म्हणून खास योजनाच काढली. गोव्याच्या किनाऱ्यावर सारा हिवाळा काढणारे वृद्ध युरोपीय हे तर गोमंतकीयांच्या परिचयाचे दृश्य. भाडे किती, दवाखाना किती जवळ, ऊन कितपत सोसेल, निवृत्तिवेतनात नोकर ठेवता येईल की नाही, हे या मंडळींचे प्रश्न. ते गैर आहेत असे नाही. आयुष्यभर राबल्यावर माणसाने चार दिवस ऊब शोधली तर कोणाच्या पोटात दुखण्याचे कारण नाही. परंतु बर्फाच्या देशातील माणूस कर्कवृत्ताच्या दक्षिणेस येऊन कायमचा राहतो म्हणजे नेमके काय होते, याची खरी परीक्षा पाहायची असेल तर ती महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला पाहावी. येथे आलेल्यांनी हवामान निवडलेले नव्हते. त्यांच्याजवळ निवृत्तिवेतन नव्हते आणि परतीचे तिकीट तर नव्हतेच.

१० मार्च १९५९ रोजी ल्हासात उठाव झाला आणि तो चिरडला गेला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस दलाई लामांनी भारताच्या हद्दीत पाऊल ठेवले. त्यांच्यामागून हजारो माणसे हिमालयाच्या खिंडी ओलांडून आली. त्यांची पहिली सोय झाली ती आसामातील मिसामारी येथील छावणीत आणि भूतानच्या सीमेलगतच्या बक्सा येथे. बक्सा म्हणजे इंग्रजांच्या काळी राजबंद्यांना डांबण्याची जागा. तेथे भिक्षूंना ठेवण्यात आले. दमट हवा, अंगावरचे लोकरीचे जाड कपडे, पोटाला न मानवणारे अन्न आणि त्यातच क्षयाची लागण, यांनी किती तरी माणसे बळी घेतली. जे वाचले त्यांतील अनेकांना डोंगरी भागात रस्ते फोडण्याच्या कामावर धाडण्यात आले. थंड हवा तरी मिळेल, हा त्यामागचा एक हिशेब होता. पण खडी फोडणे हा काही आयुष्यभराचा संसार नव्हे. पंडित नेहरूंनी राज्यांकडे जमिनीची मागणी केली. म्हैसूर राज्याने पुढाकार घेऊन बैलकुप्पे येथे जमीन दिली आणि तेथे पहिली मोठी शेतीची वसाहत उभी राहिली. पुढे मैनपाट, ओरिसातील चंद्रगिरी, मुंडगोड अशा वसाहती झाल्या. महाराष्ट्राच्या वाट्याचे काम १९७२ मध्ये झाले, ते प्रतापगडाच्या पायथ्याशी.

मैनपाटला निदान पठाराची उंची लाभली आहे. प्रतापगडला तीही नाही. ल्हासा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंच, तर भंडारा-गोंदियाचा सखल मुलूख तीनशे मीटरांच्या आसपास. विदर्भाच्या उन्हाळ्याविषयी येथील वाचकांना सांगावे असे काही नाही. ज्या उन्हात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला माणूस दुपारी दार लोटून घेतो, त्या उन्हात चामड्याचे बूट आणि लोकरीचा अंगरखा यांची सवय असलेली माणसे आली. त्यानंतरचा पावसाळा म्हणजे चिखल, डास आणि हिवताप. जवाचे भाजलेले पीठ, म्हणजे जवळजवळ आपला सातूच, आणि लोण्याचा खारट चहा यांवर वाढलेल्या माणसांना येथे भेटला तो धान. जव पिकविणाऱ्याला बांधीत गुडघाभर पाणी तुंबवून ठेवण्याचे प्रयोजन समजावून द्यावे लागते. पऱ्हे टाकायचे, ते उपटायचे, मग कंबरेत वाकून एकेक काडी चिखलात रोवायची, ही विद्या तिबेटच्या पठारावर कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ती त्यांनी शिकून घेतली. वसाहतीतील शेतीत आजही धान हेच प्रमुख पीक आहे.

या मुलखाला परक्यांची सवय नाही असे मात्र म्हणता येणार नाही. झाडीपट्टीतील तलाव ज्यांनी बांधले ते कोहळी लोक मूळचे काशीकडचे, गोंड राजांनी त्यांना येथे आणून वसविले, अशी परंपरागत समजूत आहे. वसाहतीपासून फार दूर नसलेला नवेगावचा विस्तीर्ण बांध कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकाच्या आरंभी बांधल्याचे सांगतात. तलावाभोवतीच्या सात टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात, आणि त्या कोलू पाटलाचा पुढे कोलासुर देव झाला. बाहेरून आलेल्या माणसाने पाणी अडविले की येथले लोक त्याला देवपण द्यायलाही कचरत नाहीत. अर्थात कोहळ्यांच्या आणि तिबेटींच्या येण्यात एक मोठा फरक आहे. कोहळी आले तेव्हा राजाने जमीन दिली आणि ते रयत झाले. तिबेटी आले तेव्हा सरकारने जमीन दिली, पण ते पाहुणेच राहिले. कोहळ्यांच्या काळी नागरिकत्वाचा कायदा नव्हता, ही त्यांच्या दृष्टीने सोयीची गोष्ट झाली म्हणायची.

केवळ धानावर कुटुंब चालत नाही, हे स्थानिक शेतकऱ्याला जसे कळते तसे तिबेटींनाही लौकरच कळले. दिवाळीच्या सुमारास वसाहतीतील धडधाकट माणसे गाठोडी बांधून बाहेर पडतात. नागपूरच्या, आणि देशभरातील शेकडो शहरांच्या, रस्त्याकडेला स्वेटरांचे जे तिबेटी बाजार भरतात ते यांचेच. हा लोकरीचा माल तिबेटचा असतो किंवा घरी विणलेला असतो, अशी गिऱ्हाइकाची समजूत असते. प्रत्यक्षात तो बहुतांशी लुधियानाच्या गिरण्यांतून येतो. पंजाबातील व्यापारी हंगामापूर्वी उधारीवर माल देतात आणि हंगाम संपल्यावर हिशेब चुकता होतो. पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या या व्यवहारात शब्दाला किंमत आहे. पण थंडी कोणी शब्द देऊन आणू शकत नाही. ज्या वर्षी डिसेंबर ऊबदार जातो त्या वर्षी गठ्ठे तसेच पडून राहतात. थंड देश सोडून उष्ण देशात आलेल्या माणसाने त्या उष्ण देशात थंडी पडावी म्हणून वाट पाहत बसावे, हा प्रकार मोठा विचित्र आहे. झाडीपट्टीत नाटकांचे आणि मंडईचे दिवस तेच. गावोगाव रात्रभर नाटके रंगतात, तेव्हा वसाहतीत प्रामुख्याने उरतात ती म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले.

ही सारी मंडळी हंगाम आटोपून परतात त्या सुमारास प्रतापगडावर महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते. डोंगरावर महादेव आहे आणि त्याच परिसरात ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही आहे. यात्रेकरू दोन्हीकडे जातात. ज्या महादेवाचे स्थान कैलास, तो कैलास तिबेटात. लक्षावधी भाविक ज्याच्या नावाचा जयघोष करीत पायथ्यावरून जातात, त्या पर्वताच्या देशातली माणसे त्याच पायथ्याशी राहतात, ही गोष्ट कितीजणांच्या लक्षात येत असेल? तिबेटींचे नववर्ष, लोसार, पुष्कळ वर्षी याच दिवसांत येते. २०२५ मध्ये महाशिवरात्र २६ फेब्रुवारीस होती आणि लोसार २८ फेब्रुवारीस. आसपासच्या गावांत १९५६ नंतर बुद्धाला शरण गेलेली वस्तीही मोठी आहे. बाबासाहेबांचा बुद्ध आणि लामांचा बुद्ध एकच. पण विधी, ग्रंथ आणि भाषा इतकी निराळी की शेजाऱ्यांमध्ये नमस्कारापलीकडचे नाते जुळण्यास जितका काळ लागायला हवा होता त्याहून अधिक लागला आहे. याचा दोष एका बाजूला देता येणार नाही. वसाहत वेगळी ठेवण्यातच शासनाचा आणि तिबेटी नेतृत्वाचा हेतू होता. भाषा आणि धर्म टिकावा, मुलांना तिबेटी शाळा मिळावी, म्हणून ती वेगळी ठेवली गेली. त्यामुळे तिबेटी भाषा टिकली हे खरे. परंतु त्याचबरोबर येथेच जन्मलेले मूल येथले झाले नाही.

आता या मुलाचीच गोष्ट घ्यावी. त्याचा जन्म या मुलखातला, खेळणे-बागडणे या मातीत, तोंडी हिंदी आणि कामापुरती मराठी. परंतु कायद्याने तो परकीय. त्याच्याजवळ नोंदणीचा दाखला असतो आणि त्याचे वेळोवेळी नूतनीकरण करून घ्यावे लागते. परदेशी जायचे तर पासपोर्टाऐवजी एक पिवळे ओळखपत्र, जे पाहून अनेक विमानतळांवरील अधिकारी बुचकळ्यात पडतात. सरकारी नोकरीचा दरवाजा त्याला जवळजवळ बंदच. वसाहतीतील जमीन कसायची, पण मालकीची नाही. केंद्राने २०१४ मध्ये तिबेटी पुनर्वसन धोरण आखले आणि राज्यांनी या जमिनी दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने द्याव्यात, कल्याणकारी योजनांचा लाभ द्यावा, असे सुचविले. तथापि धोरणामुळे कोणी नागरिक होत नसते.

नागरिकत्वाचा मार्ग नाहीच असे नाही. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला तिबेटी जन्मानेच भारतीय नागरिक ठरतो, असा निर्वाळा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. पासपोर्ट मिळण्यासाठी पुन्हा न्यायालयात जावे लागले, आणि २०१६ मध्ये पुन्हा तसाच निकाल झाला. २०१७ मध्ये सरकारने पासपोर्ट देण्याचे मान्य केले, पण त्याला अटी जोडल्या. नोंदणीचा दाखला व ओळखपत्र परत करावे, तिबेटी प्रशासनाकडून मिळणारे लाभ सोडावेत, आणि निर्वासितांसाठी नेमून दिलेल्या वसाहतीत राहू नये. नियमांच्या भाषेत हे तर्कशुद्ध आहे. नागरिक झाला तो निर्वासित उरत नाही. परंतु ज्या माणसाचे घर, शेत, म्हातारी आई आणि गोंपा असे सारे काही त्या वसाहतीतच आहे, त्याला भारतीय होण्यासाठी भारतातले आपले एकमेव घर सोडावे लागणार. कचेरीत बसलेल्या कोणत्याही कारकुनाने क्षणभर स्वतःला त्या जागी ठेवून पाहावे. रहिवासी असल्याचा पुरावा द्यायचा, आणि तो देताच रहिवास संपवायचा!

मग तरुण माणसे तिसरा मार्ग धरतात. तिबेटी प्रशासनाने २००९ मध्ये केलेल्या शिरगणतीत भारतात ९४,२०३ तिबेटी होते. त्यानंतर देशभरातील वसाहतींमधून अमेरिका, कॅनडा, फ्रान्स, बेल्जियम येथे जाणाऱ्यांचा ओघ वाढत गेला आहे. तिबेटमधून नव्याने येणाऱ्यांचा ओघ तर २००८ नंतर फारच रोडावला. आजोबा बर्फातून उन्हात आले, नातू उन्हातून पुन्हा बर्फात निघाला आहे, फक्त तो बर्फ टोरांटोचा आहे. त्याला तेथे काही वर्षांत नागरिकत्व मिळते आणि तो मताला जातो. ही गोष्ट येथील शिक्षकांना आणि पालकांना अगदीच अपरिचित वाटू नये. धानपट्ट्यातील गावांतूनही मुले पुण्याला, हैदराबादला, सुरतेला जातात, आणि घरात राहतात ते म्हातारे. पण त्या मुलांना गावाकडचा सातबारा असतो.

नोरग्येलिंगमध्ये मागे उरलेल्या वृद्धांना आता ऊन सोसते. ज्यांना तिबेट डोळ्यांनी पाहिल्याचे आठवते अशी माणसे तेथे आता थोडीच आहेत. त्यांना ल्हासाला जाता येत नाही, टोरांटोची थंडी सोसण्याचे वय राहिलेले नाही. परदेशी नातवाचे पैसे येतात, फोन येतो. दिवाळी जवळ आली की लुधियानाचे गठ्ठे दाराशी येऊन पडतात, आणि या वर्षी नागपूरच्या बाजारात बसायला घरातले कोण जाणार, याचा विचार सुरू होतो.