विषाणू झोपतो, मरत नाही
एचआयव्ही आणि आपल्या शरीरातील टी पेशी



एचआयव्हीसह जगणाऱ्या कुटुंबांसाठी आपण प्रार्थना करता, दानही देता. अशा वेळी एक प्रश्न हमखास पुढे येतो : “रिपोर्टमध्ये विषाणू दिसत नाही, अंगात ताकद आली, देवाने प्रार्थना ऐकली. मग आता गोळ्या कशाला?” प्रश्न श्रद्धेतून येतो, पण त्याचे चुकीचे उत्तर जिवावर बेतू शकते. खरे उत्तर रक्तातील टी पेशींच्या कामात दडलेले आहे.

शरीराचे राखणदार

टी पेशी हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. छातीतील थायमस ग्रंथीत त्या तयार होऊन बाहेर पडतात, म्हणून त्यांना टी पेशी म्हणतात. त्यांत दोन मुख्य गट आहेत. गावात चोर शिरले की कोणीतरी हाक देऊन माणसे गोळा करावी लागतात. हे काम मदतनीस पेशी करतात. त्यांनाच सीडी४ पेशी म्हणतात. हाक ऐकून धावणाऱ्या मारक पेशी, म्हणजे सीडी८, रोगाची लागण झालेल्या पेशी शोधून नष्ट करतात. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींनाही सीडी४ पेशींची मदत लागते.

एचआयव्ही नेमका या हाक देणाऱ्या सीडी४ पेशीतच शिरतो आणि तिच्याकडूनच आपल्या प्रती तयार करून घेतो.

शरीर लढते, पण विषाणू निसटतो

लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत अनेकांना ताप येतो, घसा दुखतो, अंगावर पुरळ उठते. तेव्हा रक्तात विषाणू भराभर वाढत असतो. मारक पेशीही वाढतात, लागण झालेल्या पेशींवर तुटून पडतात आणि विषाणूचे प्रमाण बरेच खाली आणतात. माणसाला बरे वाटते, आजार गेला असे वाटते.

पण विषाणू आपली नक्कल करताना सतत चुका करतो आणि त्यातून त्याचे रूप बदलत राहते. जुन्या रूपाला ओळखणाऱ्या मारक पेशी नव्या रूपापुढे फसतात. वर्षानुवर्षे लढून त्या थकतात आणि त्यांना हाक देणाऱ्या सीडी४ पेशीही कमी होत जातात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारण ५०० ते १५०० सीडी४ पेशी असतात. उपचार नसतील तर आठ-दहा वर्षांत हा आकडा बहुधा २०० च्या खाली जातो. मग क्षयरोगासारखे आजार शरीराला घेरतात. या अवस्थेला एड्स म्हणतात.

लस बनवणेही याच बदलत्या रूपामुळे कठीण झाले आहे. भारतातील पहिली एचआयव्ही लसचाचणी पुण्यातील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत २००५ साली सुरू झाली. आजही जगात कोठे खात्रीची लस नाही.

झोपलेला विषाणू

आता मूळ प्रश्न. काही टी पेशी जुन्या आजारांची आठवण जपून वर्षानुवर्षे विश्रांती घेतात. विषाणू अशा काही सीडी४ पेशींच्या जनुकांत स्वतःची जनुके मिसळून गप्प बसतो. तो हालचाल करत नाही, म्हणून मारक पेशींना दिसत नाही. आणि गोळ्या विषाणूची वाढ रोखतात, झोपलेल्या विषाणूला त्या मारू शकत नाहीत. म्हणून रक्ताच्या तपासणीत विषाणू सापडला नाही तरी तो शरीरात असतो. गोळ्या थांबवल्या की बहुतेकांच्या रक्तात तो काही आठवड्यांतच परत येतो. मधूनमधून गोळ्या चुकवल्या तर तो औषधाला दाद न देणारे रूपही घेऊ शकतो.

रोज गोळी घेतल्यास मात्र सीडी४ पेशी पुन्हा वाढतात आणि माणूस दीर्घ आयुष्य जगतो. विषाणू तपासणीत सापडत नाही अशा पातळीवर टिकून राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर मातेने वेळेवर उपचार घेतले तर बाळही बहुधा वाचते.

आपल्या जिल्ह्यात

भारत सरकारने २००४ पासून ही औषधे मोफत देण्यास सुरुवात केली. २०१७ पासून सीडी४ कितीही असो, लागण कळताच उपचार सुरू होतात. परभणीच्या जिल्हा रुग्णालयात एआरटी केंद्र आहे. अडचण येते ती ये-जा करण्याची. जिंतूरच्या डोंगराळ भागातील वस्तीवरून परभणी गाठायची म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेले कुटुंब कित्येक महिने घरी नसते. जाण्याआधी केंद्रात सांगितले तर जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा कामाच्या ठिकाणाजवळच्या केंद्राची चिठ्ठी मिळू शकते. एसटीचे भाडे आणि सोबत जाणारा माणूस, एवढीच मदत कधी कधी गोळ्या चालू ठेवते.

मंडळीने काय करावे

बरे वाटले म्हणून गोळ्या सोडण्याचा सल्ला कोणीही देऊ नये. साक्ष देताना गोळ्या घेणे म्हणजे विश्वास कमी असणे, असा अर्थ निघू देऊ नये. प्रार्थनासभेत कोणाचे नाव घेऊन आजार सांगू नये. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसारही संबंधिताच्या संमतीशिवाय अशी माहिती उघड करता येत नाही. प्रभू येशूने कुष्ठरोग्याला हात लावून शुद्ध केले, त्याच्यापासून दूर उभे राहून नव्हे. आपणही सोबत जेवावे, शेजारी बसावे. त्याने लागण होत नाही.

अधिक माहितीसाठी १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.

प्रार्थनेचे विषय

१. रोज न चुकता गोळ्या घेणाऱ्या बंधुभगिनींना धीर मिळावा.
२. तोडीला गेलेल्या कुटुंबांच्या गोळ्या मध्येच तुटू नयेत.
३. झोपलेल्या विषाणूवर उपाय शोधणाऱ्या संशोधकांना यश लाभावे.